डेट्रॉइट नाही, तर कुठेच नाही: बिल रॅडोविच प्रकरणाचा अभ्यास

प्रकरण अभ्यासात नावं गाळायची पद्धत आहे. इथं ती पाळून उपयोग नाही, कारण ज्याच्याबद्दल लिहितोय त्याचं नाव थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर आहे: रॅडोविच विरुद्ध नॅशनल फुटबॉल लीग, १९५७. निकालाची चर्चा कायद्याच्या वर्गात होते. मला मात्र त्याच्या आधीची अकरा वर्षं जास्त बोलकी वाटतात. एका खेळाडूनं एक साधी विनंती केली, एका मालकानं नाही म्हटलं, आणि त्यानंतर प्रत्येकानं आपापल्या जागी बसून घेतलेले छोटे-छोटे निर्णय साचत गेले.

पार्श्वभूमी

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हातात धरून पळायचं किंवा फेकायचा, आणि समोरच्यांनी अंगावर येऊन पाडायचं. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा जण. मधे सेंटर, आणि त्याच्या डाव्या-उजव्या खांद्याला एकेक गार्ड. बिल रॅडोविच हा गार्ड.

गार्डचं काम एका वाक्यात सांगता येतं: समोरचा गडी ढकलून वाट मोकळी करायची, म्हणजे मागून चेंडू घेऊन येणाऱ्याला पळता येईल. चेंडूला त्याचा हात जवळजवळ लागतच नाही. कबड्डीत चढाई करणाऱ्याचं नाव गावभर होतं, कोपरा धरून बसलेल्याचं फारसं कुणाला आठवत नाही, तसंच हे. त्यातून त्या काळी आक्रमणाला वेगळे आणि बचावाला वेगळे खेळाडू ही चैन अजून रुळली नव्हती. आता ढकलत होता तोच गडी चेंडू हातचा गेला की बचावाला उभा. डोक्याला चामड्याचं टोपडं, चेहऱ्यापुढे बहुधा काहीच नाही.

रॅडोविच सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातून आला आणि १९३८ मध्ये नॅशनल फुटबॉल लीगमधल्या डेट्रॉइट लायन्स या संघाकडून खेळू लागला. चार हंगाम झाले, मग युद्ध आलं. तो नौदलात गेला आणि १९४५ मध्ये परत डेट्रॉइटला आला. आपल्या जागेवरच्या सर्वोत्तम खेळाडूंत त्याची गणना होत होती. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातही त्याची ओळख ‘ऑल-प्रो गार्ड’ अशीच करून दिली आहे.

पुढचं समजायला तेव्हाचा करार समजून घ्यावा लागतो. खेळाडू एकदा संघाचा झाला की तो संघाचाच. लीगमध्ये तेव्हा दहा संघ होते आणि एकमेकांच्या खेळाडूंना हात लावायचा नाही, असा त्यांचा आपसातला बंदोबस्त होता. मालकानं अदलाबदल केली तरच संघ बदलायचा. ती मागायचा हक्क खेळाडूला नव्हता, आणि तक्रार घेऊन जावं अशी खेळाडूंची संघटनाही नव्हती.

हा बंदोबस्त तोवर निमूट चालला, कारण दुसरीकडे जायला टिकाऊ अशी जागा नव्हती. १९४६ मध्ये ती झाली. ऑल-अमेरिका फुटबॉल कॉन्फरन्स नावाची प्रतिस्पर्धी लीग आठ संघ घेऊन उभी राहिली. त्यात लॉस एंजेलिसचा ‘डॉन्स’ हा संघ होता. डॉन अमिची हा सिनेनट त्याच्या मालकांपैकी एक. त्याच वर्षी जानेवारीत जुन्या लीगचा रॅम्स संघही क्लीव्हलँडहून बाड-बिस्तरा आवरून लॉस एंजेलिसला आला. म्हणजे ज्या शहरात या दर्जाचा एकही व्यावसायिक संघ नव्हता तिथं एकदम दोन झाले, आणि तेही एकमेकांचे हाडवैरी. त्याच महिन्यात बर्ट बेल जुन्या लीगचा आयुक्त, म्हणजे मुख्य कारभारी, झाला.

अडचण

रॅडोविचचे वडील लॉस एंजेलिसमध्ये आजारी होते. डेट्रॉइट देशाच्या एका टोकाला, लॉस एंजेलिस दुसऱ्या. रेल्वेनं जायचं तर दोन-तीन दिवस गाडीतच जायचे. हंगाम सुरू असताना घरी चक्कर टाकून येणं शक्य नव्हतं.

त्यानं मागितलं ते एवढंच: मला याच लीगच्या लॉस एंजेलिसच्या संघात पाठवा. लीग सोडायची भाषा त्यात नव्हती. रॅम्सकडून डेट्रॉइटला बदल्यात कुणीतरी मिळालाच असता.

लायन्सचे मालक तेव्हा फ्रेड मँडेल, शिकागोच्या डिपार्टमेंट स्टोअरवाल्या घराण्यातले. त्यांनी नकार दिला. रॅडोविच पुढे सांगत असे त्याप्रमाणे उत्तर असं होतं की खेळायचं तर डेट्रॉइटमध्ये, नाहीतर कुठेच नाही, आणि पलीकडच्या लीगमध्ये गेलास तर पाच वर्षं काळ्या यादीत.

इथं क्षणभर मालकाच्या खुर्चीत बसून बघू. समोर नवी लीग पैशांच्या थैल्या घेऊन उभी आहे. आज एकाला घरच्या कारणासाठी सोडलं तर उद्या दहा जणांचे वडील आजारी पडतील, ही भीती खोटी नव्हती. पण मागणी रॅम्समध्ये जाण्याची होती. ती मान्य केली असती तर गडी लीगच्या भिंतीआतच राहिला असता. भीती दाराबाहेर जाणाऱ्यांची होती आणि कडी घातली ती आतल्या खोलीला.

समोरचे पर्याय

रॅडोविचपुढे तीन वाटा होत्या. मुकाट डेट्रॉइटला जायचं आणि वडिलांची खबर पत्रानं घ्यायची. खेळ सोडून लॉस एंजेलिसमध्ये मिळेल ते काम धरायचं. किंवा डॉन्सशी करार करायचा: शहर तेच, खेळ तोच, पगार चालू, पण जुना करार मोडल्याचा डाग आणि पाच वर्षांची धमकी डोक्यावर.

वयाचा हिशेब यात सगळ्यात महत्त्वाचा होता. १९४६ मध्ये तो एकतिशीत होता. गार्डचे गुडघे आणि खांदे किती वर्षं टिकतात हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. पाच वर्षांची बंदी म्हणजे कागदावर पाच वर्षं, प्रत्यक्षात जन्मठेप.

तरी त्यानं तिसरी वाट धरली. करार मोडला हे खरंच आहे, ते त्याच्या वकिलांनीही पुढे नाकारलं नाही. कराराचा भंग झाला म्हणून लायन्सना कोर्टात जाता आलं असतं, तसा कायदा होता. पण कोर्टात गेलं की आजारी वडिलांची गोष्ट बाहेर येणार, वकिलाची फी द्यावी लागणार, आणि न्यायाधीश काय म्हणेल याचा भरवसा नाही. काळ्या यादीला यातलं काहीच लागत नाही. ना खर्च, ना सुनावणी. एक निरोप गेला की काम झालं.

काय घडलं

१९४६ आणि १९४७ हे दोन हंगाम तो डॉन्सकडून खेळला. इथवर धमकीचं सावट होतं, चटका नव्हता.

चटका १९४८ मध्ये बसला. सॅन फ्रान्सिस्को क्लिपर्स नावाच्या संघानं त्याला खेळाडू-प्रशिक्षक म्हणून बोलावलं. क्लिपर्स पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये खेळत. ती खालच्या पायरीची लीग, जुन्या मोठ्या लीगशी संलग्न, तिची स्पर्धक नव्हे. उतरत्या वयाच्या खेळाडूला याहून चांगली नोकरी कुठली? एक पाय मैदानात, एक पाय बाहेर. दोन-तीन वर्षांत अंग थकतं आणि तोवर प्रशिक्षक म्हणून नाव होऊ लागतं. गार्डला नावच नसतं म्हटल्यावर त्याच्यासाठी हा पूल फार मोलाचा.

क्लिपर्सना कळवण्यात आलं की रॅडोविच काळ्या यादीत आहे, आणि जो संलग्न संघ त्याला घेईल त्याला जबर दंड भोगावा लागेल. क्लिपर्सनी हात झटकले. खेळाडू म्हणून नाही, प्रशिक्षक म्हणून नाही, कुठल्याच नात्यानं नाही.

यानंतरचा किस्सा पुष्कळांनी सांगितलाय. ऑल-प्रो गार्ड लॉस एंजेलिसच्या ब्राउन डर्बी या नावाजलेल्या हॉटेलात वेटरचं काम करत होता आणि तिथंच त्याची गाठ वकिलाशी पडली, असं म्हणतात. वकील जोसेफ अलिओटो, सॅन फ्रान्सिस्कोचे. मक्तेदारीविरोधी कायद्यात मुरलेले, पूर्वी सरकारच्या न्याय खात्यात त्याच विभागात काम केलेले. पुढे ते सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर झाले.

अलिओटोंनी धरलेला धागा नीट बघण्यासारखा आहे. ‘माझ्या अशिलावर अन्याय झाला’ म्हणून कराराच्या कायद्यानं भांडलं असतं तर पहिल्याच पानावर उत्तर आलं असतं: करार त्यानंच मोडला. म्हणून त्यांनी प्रश्न उलटा मांडला. सगळ्या संघांनी मिळून व्यावसायिक फुटबॉलवर मक्तेदारी ठेवायचा कट केला. प्रतिस्पर्धी लीग संपवणं हा त्या कटाचा भाग, आणि रॅडोविचवर बहिष्कार हे त्याचं हत्यार. १८९० चा शर्मन कायदा असल्या संगनमताला मनाई करतो, आणि नुकसान झालेल्या खासगी माणसाला तिप्पट भरपाई मागायची मुभा कायद्यात आहे. नुकसान ३५,००० डॉलर, तिप्पट करून १,०५,०००.

अडसर एकच होता, पण भिंतीएवढा: बेसबॉल. १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की बेसबॉल हा शर्मन कायद्याच्या अर्थानं आंतरराज्य व्यापार नाही, म्हणजे तो कायदा त्याला लागूच नाही. १९५३ मध्ये हाच प्रश्न पुन्हा आला तेव्हा न्यायालयानं जुनाच निकाल कायम ठेवला. मग फुटबॉललाही तीच ढाल, असं लीगचं म्हणणं. खालच्या न्यायालयानं पुरावाही न घेता दावा फेटाळला. १९५६ मध्ये अपील न्यायालयानं तेच केलं: फुटबॉलही सांघिक खेळ, तेव्हा बेसबॉलच्याच पंक्तीला.

मधल्या काळात मात्र भिंतीला एक तडा गेला होता. १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुष्टियुद्धाच्या धंद्याला ही ढाल नाकारली होती. शिवाय नभोवाणी आणि दूरचित्रवाणीवरून सामने राज्याराज्यांत पोचत होते आणि त्याचे पैसे मिळत होते. हा आंतरराज्य व्यापार नाही म्हणायला १९२२ चा चष्मा लागला असता. सरकारच्या वकिलानंही रॅडोविचच्या बाजूनं म्हणणं मांडलं.

१७ जानेवारी १९५७ ला युक्तिवाद झाला आणि २५ फेब्रुवारीला निकाल आला, सहा विरुद्ध तीन. न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी लिहिलेला निकाल जरा अवघडलेला आहे. बेसबॉलला सूट आणि फुटबॉलला नाही, हे विसंगत वाटेल हे त्यांनी आडून का होईना कबूल केलं. बेसबॉलचा प्रश्न आज कोऱ्या पाटीवर आला असता तर आम्हाला शंकाच नव्हती, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. पण बेसबॉलचा निकाल होऊन गेला आहे, तो बदलायचा तर काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, बदलावा. बाकी कुणाला ही ढाल मिळणार नाही. विरोधातले न्यायमूर्ती फ्रँकफर्टर, हार्लन आणि ब्रेनन यांचा सवाल सरळ होता: एका खेळाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा, याचं कारण काय? तर्कशास्त्राच्या पेपरात मी मार्क विरोधातल्या तिघांना दिले असते. रॅडोविचचं सुदैव की तो पेपर नव्हता.

फलित

सर्वोच्च न्यायालयानं रॅडोविचला पैसे दिले नाहीत. दिला तो खटला चालवायचा हक्क. दावा खाली परत गेला आणि अखेर कोर्टाबाहेर ४२,५०० डॉलरवर मिटला. मागितले होते १,०५,०००. वडिलांसाठी बदली मागितली त्याला अकरा वर्षं होऊन गेली होती, आणि त्याची चाळिशी उलटली होती. मैदानावर परत जायचा प्रश्नच नव्हता.

लाभ पदरात पडला तो दुसऱ्यांच्या. खेळाडूंनी १९५६ च्या अखेरीस संघटना बांधली होती. त्यांच्या मागण्या वाचून आज कसंतरीच होतं: किमान ५,००० डॉलर वेतन, साहित्य संघाच्या खर्चानं, दुखापत झाली तरी पगार. मालक पत्राला उत्तरही देत नव्हते. निकालानंतर संघटनेकडे दाखवायला हत्यार आलं: मान्य करा, नाहीतर मक्तेदारीचा दावा ठोकतो. नाक दाबलं की तोंड उघडतं. १९५७ च्या उन्हाळ्यात काँग्रेसच्या समितीपुढे बर्ट बेलनं संघटनेला मान्यता देत असल्याचं सांगून टाकलं, आणि नंतर मालकांना बऱ्याचशा मागण्यांवर नमतं घ्यावं लागलं.

ढाल गेल्याची किंमत लीगला पुढेही मोजावी लागली. संघांनी मिळून एकत्र दूरचित्रवाणी करार करण्यासाठी १९६१ मध्ये खास कायदा करून घ्यावा लागला. १९६६ मध्ये अमेरिकन फुटबॉल लीग या दुसऱ्या प्रतिस्पर्धी लीगशी विलीनीकरण ठरलं तेव्हा पुन्हा काँग्रेसचे उंबरे झिजवावे लागले. लुइझियानाचे दोन वजनदार लोकप्रतिनिधी, हेल बॉग्ज आणि रसेल लाँग, यांनी ते मंजूर करून घेतलं आणि न्यू ऑर्लिन्सला नवा संघ मिळाला. एका गार्डला डेट्रॉइटहून हलवायचं नाही म्हणून सुरू झालेलं प्रकरण इथवर आलं.

निर्णयाचे टप्पे: काय वेगळं करता आलं असतं

रॅडोविचकडे बोट दाखवणारे म्हणतात, त्यानं आधी आयुक्ताकडे दाद मागायला हवी होती. मला हे पटत नाही. आयुक्ताला नेमणारे मालकच. संघटनेविना एकट्यानं दाद मागणं म्हणजे सासूची तक्रार सासूकडेच. त्याच्या बाजूनं एक गोष्ट खरंच राहून गेली: डॉन्सशी सही करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला. करार मोडायचा तर तो कसा मोडायचा यालाही रीत असते. तसा सल्ला त्या काळी गार्डच्या खिशाला परवडला असता का, हा वेगळा प्रश्न.

डेट्रॉइटचा १९४६ चा नकार चूक होता, पण समजण्यासारखी चूक. शेजारी आग लागलेली असताना माणूस आपल्याही खिडक्या लावून घेतो.

लीगला प्रकरण मिटवायची खरी संधी १९४९ ते १९५६ मधे, दावा चालू असताना, होती, आणि इथं बेसबॉलवाल्यांचं वागणं शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे. डॅनी गार्डेला नावाचा बेसबॉलपटू १९४६ मध्ये मेक्सिकोच्या लीगमध्ये गेला म्हणून त्याच्यावर पाच वर्षांची बंदी आली होती. त्यानंही दावा लावला. १९४९ च्या सुरुवातीला अपील न्यायालयानं तो चालवायला परवानगी देताच बेसबॉलचे कारभारी सावध झाले. गेलेल्या खेळाडूंना माफी दिली आणि गार्डेलाशी पैसे देऊन मिटवून टाकलं. सर्वोच्च न्यायालयात तो प्रश्न त्याच्या नावानं कधी गेलाच नाही आणि ढाल शाबूत राहिली. फुटबॉलवाले खालच्या दोन न्यायालयांत जिंकत गेले, आणि जिंकणाऱ्याला तडजोड सुचत नाही. १९५५ चा मुष्टियुद्धाचा निकाल आल्यावर तरी ती सुचायला हवी होती.

आपल्याकडच्या वाचकाला यात २००७ आठवेल. इंडियन क्रिकेट लीग निघाली, क्रिकेट मंडळानं तिकडे गेलेल्यांना दारं बंद केली, आणि रणजी खेळणारी कितीतरी पोरं मधेच लटकली. २००९ मध्ये माफी देऊन मंडळानं त्यांना परत घेतलं. त्यातला कुणी रॅडोविच झाला नाही, याचं एक कारण ती माफी वेळेत आली हे असावं.

राहता राहिलं १९४८. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत महाग निर्णय हाच, आणि दिसायला सर्वांत लहान. तोवर रॅडोविचकडे कोर्टात नेण्याजोगं काही नव्हतं. त्याला पगार मिळत होता, वडिलांच्या शहरात तो खेळत होता, आणि करार त्यानंच मोडला होता. नुकसान दाखवायला आकडा लागतो. तो आकडा त्याला क्लिपर्सना गेलेल्या निरोपानं मिळवून दिला. क्लिपर्स मोठ्या लीगचे स्पर्धक नव्हते. रॅडोविच तिथं गेला असता तर कुणाचं एक तिकीटही कमी खपलं नसतं. निरोप पाठवणाऱ्याला बहुधा शिस्त राखल्याचं समाधान मिळालं असेल.

क्लिपर्स खेळत ती पॅसिफिक कोस्ट लीग १९४८ चा हंगाम आटोपल्यावर बंद पडली. रॅडोविचची नोकरी फार तर एक हंगाम टिकली असती.